आधीचं ठेवून, त्यापुढे

आमच्या जव्हारला परीक्षा जवळ आली हे वेळापत्रकाच्या आधी धुरावरून कळतं. फाल्गुन लागला की डोंगरउतारांवर राब भाजायला घेतात. छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेण, त्यावर मातीचा हलका थर, आणि मग आग. पुढे पावसात तिथे भाताचं, नागलीचं बी टाकायचं असतं; त्यासाठी जमीन आधी जाळून घ्यायची. तो निळसर धूर दिवसभर दरीत रेंगाळतो आणि उन्हं कलली की गावात शिरतो. वाळत घातलेल्या कपड्यांत बसतो, केसांत बसतो, उघड्या पुस्तकाच्या पानांतसुद्धा बसतो. बाहेरगावच्या माणसाला तो चांगला वाटतो. मी घरी असले तर खिडक्या लावून घेते, अजूनही.

गेल्या आठवड्यात कॉलेजच्या लॅबमध्ये मुलं फाइलचा प्रोग्राम लिहीत होती. मी आता तेच शिकवते, जे कधीकाळी चाचपडत शिकले. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "मॅडम, फाइल उघडायच्या ओळीत आउट लिहिलं काय नि ॲप लिहिलं काय, फाइलमध्ये लिहिलंच जातं ना? मग फरक काय?" प्रश्न अगदी साधा. उत्तर एका ओळीचं. पण खिडकीतून धूर आत येत होता, आणि मी खडू हातात धरून फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. मुलांना वाटलं असेल, मॅडमना आठवत नाही.

नवं शतक लागून फार दिवस झाले नव्हते तेव्हा. मी बारावी झाले होते. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. ते म्हणाले, "कॉम्प्युटर शीक. पुढे त्यावाचून कुणी दारात उभं करणार नाही." बाजारपेठेत कापडाच्या दुकानावर एक खोली होती, तिथे वर्षाचा कोर्स चाले. लाकडी जिना, जिन्यावर चपलांचा ढीग. आत चार कॉम्प्युटर, त्यांच्यावर फुलाफुलांच्या कापडाची झाकणं. पंखा एकच, आणि त्याचं तोंड माणसांकडे नव्हे तर मशीनकडे. माणसं घामाने भिजली तरी चालतील, मशीन तापता कामा नये, असं देसले सर म्हणत. सर धुळ्याकडचे, तरुण, आवाज मोठा, आणि शिकवताना स्वतःच इतके रंगून जात की खडूचा तुकडा बोटांत संपला तरी बोटाने फळ्यावर लिहीत राहत.

माझ्या वाट्याच्या मशीनवर माझ्या जोडीला यमुना भोये होती. मोखाड्याच्या पुढच्या एका पाड्यावरची. जव्हारला मुलींच्या सरकारी वसतिगृहात राहायची. बुटकी, काटक, तेल लावून घट्ट वेणी. बोलायला लागली की आधी क्षणभर थांबायची. मला वाटे, लाजते. पुढे कळलं की ती मनात घरच्या बोलीतून मराठीत येत असायची, आणि तिथून सरांच्या इंग्रजी शब्दांपर्यंत. दोन नद्या ओलांडून माणूस यावा तशी ती प्रत्येक उत्तरापर्यंत यायची. आणि तरी बहुतेक वेळा माझ्या आधी पोचायची.

सरांनी पहिल्यांदा क्लास आणि ऑब्जेक्ट शिकवलं तो दिवस मला आठवतो. "क्लास म्हणजे विटेचा साचा," सर म्हणाले. "साचा ही वीट नाही. त्याने भिंत होत नाही. पण त्यातून जी पडते ती वीट, ती खरी. तिला वजन आहे, जागा आहे. तिला म्हणायचं ऑब्जेक्ट. साचा एक, विटा हव्या तेवढ्या." आम्ही माना डोलावल्या. यमुनाने हात वर केला.

"सर, साचा दर टायमाला राखेत बुडवायला लागतो. नायतर चिखल चिकटून बसतो, वीट सुटत नाय."

सर खुश झाले. "बरोबर! वीट पडायच्या आधीची ती जी तयारी, तिला कन्स्ट्रक्टर म्हणतात. तुला कसं माहीत?"

"दिवाळी झाली का आम्ही जायचो ना वीटभट्टीवर. आयस नि बा आतापण तिकडंच हायेत."

सरांनी फळ्यावर कन्स्ट्रक्टर असं लिहिलं, आणि मग थोडा वेळ नुसतेच त्या शब्दाखाली रेघ ओढत राहिले.

ॲरे समजायला आम्हाला दोघींनाही जड गेलं. एकसारख्या गोष्टींची ओळ, हे ठीक. पण मोजणी शून्यापासून! घरी मी बाबांना सांगितलं तर ते हसून म्हणाले, "पहिल्या मुलाला शून्य नंबर दिला तर त्याचा बाप भांडायला येईल शाळेत." यमुनाचा प्रश्न वेगळा होता. ओळीत शंभर जागा केल्या आणि माणसं दहाच आली, तर बाकीच्या जागांत काय असतं? सर म्हणाले, "कचरा. मागे कुणीतरी ठेवून गेलेलं, आता अर्थ नसलेलं काहीतरी." तिने ते वहीत लिहून घेतलं.

मग फाइल. सर म्हणाले, "आत्तापर्यंत तुम्ही जे लिहिलंत ते प्रोग्राम बंद झाला की मेलं. लाइट गेली की मेलं. मशीनला स्वतःहून काही आठवत नाही. ठेवायचं असेल तर फाइलमध्ये लिहा. फाइलमध्ये गेलं की राहतं." जव्हारमध्ये लाइट दिवसातून कितीदा जाई हे सांगायला नको. त्यामुळे हे वाक्य आम्हाला फार दिलासा देणारं वाटलं.

परीक्षेला एक प्रोजेक्ट करायचा होता. बहुतेकांनी विद्यार्थ्यांचे मार्क घेतले, मी वाचनालयाची पुस्तकं घेतली. यमुनाने शब्द घेतले. तिच्या घरच्या बोलीतला शब्द आणि समोर त्याचा मराठी अर्थ. शब्द नावाचा एक क्लास, त्याच्या ऑब्जेक्टांचा ॲरे, आणि सगळं उतरवायला एक फाइल. देवनागरी मशीनच्या निळ्या पडद्यावर उमटत नसे, म्हणून सगळं इंग्रजी अक्षरांत. पोसा म्हणजे मुलगा, पोसी म्हणजे मुलगी. इथून तिने सुरुवात केली. वसतिगृहातल्या मुली जेवताना, धुणं धुताना काही बोलून जात. दुसऱ्या दिवशी ते शब्द फाइलमध्ये येत. कधी ती धावत जिना चढायची, चपला काढायच्या आधीच म्हणायची, "उठ गं, मला बसू दे, एक शब्द आठवलाय, जाईल."

मी हे घरी कौतुकाने सांगितलं. बाबा जेवता जेवता थांबले. "त्या बोलीचं काय करायचं कॉम्प्युटरवर? पोरं शाळेत आली की आम्ही वर्षभर तीच सोडवायला झटतो." ते वाईट माणूस नव्हते. कुपोषणाने मुलं दगावली म्हणून वावर-वांगणीची नावं पेपरात गाजत होती त्या वर्षांत ते सुट्टीतसुद्धा पाड्यापाड्यांवर हिंडले होते. मुलं शिकली तर जगतील, आणि शिकायची तर मराठीत, इतका सरळ त्यांचा हिशेब होता. बाबांचं ते बोलणं यमुनाला सांगायचं मला धाडस झालं नाही.

शिमग्याच्या थोडं आधीची गोष्ट. यमुनाने पुस्तकात पाहून आपला प्रोग्राम नीटनेटका करायला घेतला. फाइल उघडायची ओळ तिने पुस्तकातल्यासारखी लिहिली. चूक नव्हती, मशीनने तक्रार केली नाही. तिने एक नवा शब्द घातला, प्रोग्राम बंद केला, आणि फाइल उघडून पाहिली. फाइलमध्ये तो एकच शब्द होता.

तिने पुन्हा उघडली. पुन्हा तोच. जणू मशीनला नीट दिसलं नसेल, अशी ती मान वाकवून पडद्याजवळ गेली. मी सरांना हाक मारली. सरांनी ओळ पाहिली आणि डोळे मिटून घेतले. आधी ओळीच्या शेवटी ॲप असा शब्द होता, तो उडाला होता. ॲप नसेल तर मशीन फाइल नव्याने उघडतं. आधीचं सगळं पुसतं. सरांनी कपाटातून फ्लॉपी काढली, जुनी प्रत असेल म्हणून. मशीनने ती खरखर करत घेतली आणि वाचता येत नाही असं सांगितलं.

"वहीत नाही लिहिलेस का गं?" सर म्हणाले.

"तुम्हीच म्हणलेले ना सर, फायलीत गेलं की राहतं."

आवाज चढा नव्हता. आरोपही नव्हता त्यात. सरांनी खुर्ची ओढली आणि तीच फ्लॉपी पुन्हा मशीनमध्ये घालून पाहिली.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी चालत गावाजवळच्या शिरपामाळावर गेलो. कुठूनतरी आलेले पाहुणे तिथे फोटो काढत होते. समोरच्या डोंगरांवर जागोजागी राब धुमसत होते. मी समजूत घालायला म्हटलं, "तुझेच तर शब्द आहेत, पुन्हा आठवतील."

"आठवून आठवत नाय गं," ती म्हणाली. "ते त्यांच्या टायमाला येतात. भाजी निवडताना येतील, कुणी रागावलं तर येतील. बसून आठवायला गेलं तर मला मराठीच येतं." मग थोड्या वेळाने, "शिमग्याला आयस येल भट्टीवरून. तिला विचारीन. तिच्याकडं लय हायेत."

शिमग्याला ती मला पाड्यावर घेऊन गेली. मोखाड्याला बसमधून उतरून पुढे जीप, आणि मग चालत. आमच्याकडे दिवाळीपेक्षा शिमगा मोठा. भट्टीवर गेलेली माणसं कुठूनही त्या दिवसाला घरी येतात. पाड्याच्या तोंडाशी सगळी वाट बघत उभी होती. दुपारी एक टेंपो आला. बोचकी उतरली, कोंबड्या उतरल्या, लाल धुळीने केस रंगलेली मुलं उड्या मारून उतरली. सगळ्यांत शेवटी यमुनाच्या बापाने एका बाईला दोन्ही हातांनी धरून खाली घेतलं. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे होते. यमुना हसत पुढे गेली होती, ती अर्ध्या वाटेत थांबली.

"कधीपास्नं?" तिने बापाला मराठीत विचारलं. आपल्या बापाशी ती मराठीत बोलली हे तिच्या लक्षातही आलं नाही. तो नुसता म्हणाला, "लय दिस झाले."

होळी पेटली, ढोल वाजले. मी एका घराच्या ओट्यावर बसून होते. यमुना आत आईचे पाय चेपत होती. सकाळी तिला जीपमध्ये घालून आम्ही जव्हारच्या सरकारी दवाखान्यात आणलं.

पुढचे दिवस माझ्या आठवणीत एकाच रंगाचे आहेत. दवाखान्याच्या भिंतीचा तो फिकट हिरवा, आणि बाहेर पिवळं ऊन. यमुना सकाळी आईजवळ, दुपारी तासभर क्लासला, पुन्हा आईजवळ. मी घरून पेज घेऊन जाई. मी तिच्या आईला मावशी म्हणे. ती माझ्याकडे बघून मान हलवी. आमच्या दोघींत तेवढीच भाषा होती. मावशीच्या अंगात थोडी धुगधुगी असली की यमुना औषधाच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर पेन टेकवून तिला विचारत बसायची. याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. एकदा मावशी एकदम चिडून काहीतरी बोलली आणि शेजारच्या खाटेवरची बाई फिसकन हसली. यमुनाही हसली.

"काय म्हणाली?"

"म्हणते, मी इथं मरायला टेकले नि हिला शब्द पाहिजेत. शाळेत घालून पोर वेडी झाली."

पण चिडून झाल्यावर ती सांगायची. डोळे मिटून, एकेक शब्द सावकाश. बी पेरायच्या आधीचे, बाळ रडायचं थांबल्यानंतरचे, नदी आटल्यावर वाळूत खणलेल्या खड्ड्यातल्या पाण्याचे. एके दिवशी बाबा माझ्याबरोबर आले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहून बराच वेळ ऐकत राहिले. यमुनाचं पेन उमटेना म्हणून त्यांनी खिशातलं आपलं काढून दिलं आणि परत मागितलं नाही.

प्रॅक्टिकलच्या दिवशी यमुना दवाखान्यातूनच आली. ठाण्याहून आलेल्या परीक्षक बाई घाटातल्या बसने शिणल्या होत्या. त्यांनी पाणी घेतलं, पहिलं नाव पुकारलं, आणि लाइट गेली. आम्ही वाट पाहिली. झाकणं काढलेली चारही मशीनं आमच्याकडे काळ्या तोंडाने बघत होती. दुपार झाली. बाईंनी घड्याळ पाहिलं.

"माझी शेवटची बस चुकेल. आता नाही होणार. सगळ्यांना पुढच्या वेळी बसवा."

देसले सर उभे राहिले. त्यांचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "मॅडम, पुढच्या वेळी ही मुलं नसतील."

"म्हणजे? कुठे जातील?"

"कुणी भट्टीवर जाईल. कुणाचं लग्न होईल. परत येत नाहीत, मॅडम."

बाईंनी खांद्यावरची पिशवी पुन्हा खाली ठेवली. मग त्यांनी फळ्याकडे बोट केलं. "प्रोग्राम पाठ असेल त्याने तिथे लिहावा. मी वाचीन. मशीन मीच, असं समजा."

मी लिहिलं, दोनदा अडखळले. इतरांनी लिहिलं. यमुनाची पाळी आली तेव्हा तिने साडीच्या निऱ्यांना हात पुसल्यासारखा केला, खरं तर तिच्या अंगात पंजाबी ड्रेस होता. आईजवळ बसून बसून आईचीच सवय उचलली होती. तिने क्लास लिहिला, ॲरे लिहिला, फाइल उघडायची ओळ लिहिली. ओळीच्या शेवटी ॲप लिहिलं आणि त्यावरून खडू पुन्हा एकदा फिरवला.

"इथे आउट का नाही लिहिलं?" बाईंनी विचारलं.

यमुना नेहमीसारखी थांबली. दोन नद्या ओलांडून आली. "आउट म्हणजे आधीचं पुसून नवं. ॲप म्हणजे आधीचं ठेवून त्यापुढे."

"छान. कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"वाचलं नाय मॅडम. माझं पुसलं गेलं तवा कळलं."

बाईंनी मान खाली घालून मार्क लिहिले. जाताना जिन्यावरून परत वळल्या आणि यमुनाला म्हणाल्या, "कॉम्प्युटर सोडू नकोस." यमुना हो म्हणाली, पण ती तेव्हा मनाने दवाखान्यात पोचली होती.

त्यानंतर दोनच दिवसांत तिच्या आईला नाशिकला हलवलं. डॉक्टरांनी करता येईल ते केलं. लिव्हर फार आधीच गेलं होतं. वसतिगृहाच्या फोनवर ती गेल्याचा निरोप आला. मी आणि बाबा पाड्यावर गेलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. उतारावरचे राब भाजून झालेले, जमिनीवर काळे चौकोन. यमुना ओट्यावर धाकट्या भावाला जेवू घालत होती. मला बघून म्हणाली, "पाणी पी आधी. ऊन लागलंय तुला." मी पाणी प्यायले. परतीच्या जीपमध्ये बाबा बाहेर बघत होते, मोखाडा आल्यावर म्हणाले, "त्या बाईला किती येत होतं." एवढंच.

यमुना पास झाली. ती भट्टीवर गेली नाही, लग्नही लगेच झालं नाही. आता ती विक्रमगडच्या बाजूला एका आश्रमशाळेत कॉम्प्युटर शिकवते. जव्हारच्या बाजारात कधी भेटलो तर भाजीच्या पिशव्या सांभाळत आम्ही रस्त्याकडेला उभ्या राहून याच गोष्टी बोलतो. एकदा मी विचारलं, क्लास कसा शिकवतेस? "विटेचा साचा नाय सांगत," ती म्हणाली. "पोरांचे आईबाप तिकडंच असतात. ऐकता ऐकता पोरं खिडकीबाहेर बघायला लागतात. मग मी दुसरं कायतरी सांगते." मी माझ्या वर्गात अजून साचाच सांगते. कोणाची नजर खिडकीकडे जाते ते पाहायला मात्र शिकले. दिवाळीनंतर हजेरी घेताना काही बाकं रिकामी दिसायला लागतात आणि मी नावं जरा जास्तच मोठ्याने पुकारते, जणू जीप स्टँडपर्यंत आवाज जाईल.

लॅबमधल्या त्या मुलीला मी आउट आणि ॲप यांतला फरक सांगितला. एका ओळीत. तिने लिहून घेतला. पण ते तिला खरं कधी कळेल, आणि काय पुसल्यावर, ते मला माहीत नाही. आणि तसं कळू नये असंच वाटत राहतं.

त्या वर्षी वैशाखातल्या एका दुपारी, आईचे दिवस झाल्यावर, यमुना क्लासला आली. कोर्स संपला होता, खोलीत सर आणि मी दोघंच. तिने पिशवीतून औषधाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि विचारलं, "सर, बसू?" सरांनी मशीन लावून दिलं आणि पंखा तिच्याकडे वळवला. ती एकेक चिठ्ठी बघून शब्द घालत गेली, समोर अर्थ घालत गेली. मी शेजारी बसून वाचून दाखवत होते. मग एक शब्द आला, त्याच्यापुढे अर्थच नव्हता.

"हा सांगतच होती," यमुना म्हणाली. "तेवढ्यात नर्स आली सुई द्यायला. मंग तिला झोप लागली."

"तुला नाही माहीत?"

"ऐकलेला हाय. लहान होते तवा. कशाला म्हणायची ते नाय आठवत." तिने बापाला विचारलं होतं, पाड्यावर विचारलं होतं. तो शब्द तिच्या आईच्या माहेरचा असावा, आणि तिकडचं आता कोणी उरलं नव्हतं.

"अर्थ मोकळा सोड," मी म्हटलं.

तिने काही न लिहिता एंटर दाबलं. आमच्या प्रोग्रामला रिकामं उत्तर चालत नसे. तो चूक दाखवत नसे, रागावत नसे. लुकलुकणारी रेघ फक्त एक ओळ खाली जाई आणि तिथे थांबून राही. तिने पुन्हा दाबलं. रेघ आणखी खाली गेली. पुन्हा. रेघ पडद्याच्या तळाशी पोचली आणि तिथेच लुकलुकत राहिली. सर मागे येऊन उभे होते. प्रोग्राममध्ये एवढा बदल करणं त्यांच्या हातचा मळ होता, पण त्यांनी हात पुढे केला नाही.

यमुनाने ती चिठ्ठी उलटीपालटी करून पाहिली. मग एकेक कळ शोधत तिने अर्थाच्या जागी लिहिलं, लहानी.

मला वाटलं, अर्थ आठवला. मी तिच्याकडे पाहिलं.

"आयसचं नाव," ती म्हणाली. "तिला ठाव होता."

इतके दिवस मी मावशी म्हणत आले होते. नाव मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. यमुनाने एंटर दाबलं आणि प्रोग्रामने पुढचा शब्द विचारला.